खलनायकाची कैफियत आणि अपुरा निवाडा

कॉमिक्सच्या पानांवर जन्मलेल्या एका खलनायकाला जगातील सर्वांत जुन्या चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळेल, असे भाकीत कोणी आधी केले असते तर त्याचे हसेच झाले असते. पण ७ सप्टेंबर २०१९ रोजी व्हेनिसमध्ये टॉड फिलिप्स दिग्दर्शित 'जोकर'ला 'गोल्डन लायन' जाहीर झाला आणि चित्रपटविश्वाच्या भुवया उंचावल्या. 'हँगओव्हर' मालिकेतील धांगडधिंगा ही ज्याची तोवरची ओळख, त्या दिग्दर्शकाने कलावंतांच्या पंगतीत मानाचे पान पटकावले होते. त्यानंतर महिनाभरात तोच चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमधील चित्रपटगृहांभोवती पोलिसांची गस्त वाढविण्यात आली. एकाच कलाकृतीच्या वाट्याला सुवर्णसिंह आणि पोलीस पहारा हे दोन्ही यावेत, असा योग विरळाच!

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. जेमतेम सहा-सात कोटी डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात १०७ कोटी डॉलरपेक्षा अधिक गल्ला जमविला. केवळ प्रौढांसाठी समजल्या जाणाऱ्या 'आर' वर्गातील चित्रपटाने शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ होती. ऑस्करची अकरा नामांकने आणि त्यांपैकी दोन पुरस्कार, म्हणजे वाकीन फिनिक्सला अभिनयाचा आणि हिल्दुर गुद्नादोत्तिर हिला पार्श्वसंगीताचा, त्याच्या पदरी पडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला दुसरा भाग मात्र सपशेल आपटला. आता दोन्ही भाग समोर असताना पहिल्या चित्रपटाने उपस्थित केलेला प्रश्न अधिक शांतपणे तपासता येतो. खलनायकाचे दुःख समजून घेणे आणि त्याच्या हिंसेला मूक संमती देणे यांच्यामध्ये एक रेषा असते. 'जोकर'ने ती रेषा सांभाळली काय? या प्रश्नाचे उत्तर होय आणि नाही अशा दोन्ही अंगांनी द्यावे लागते, आणि म्हणूनच ते नीट दिले पाहिजे.

जोकर हे पात्र १९४० मध्ये 'बॅटमॅन'च्या पहिल्याच अंकात अवतरले. त्याच्या चेहऱ्यावरचे गोठलेले हसू 'द मॅन हू लाफ्स' या १९२८ च्या मूकपटातील कॉनराड फाइट या नटाच्या रंगभूषेवरून सुचलेले. तो मूकपट व्हिक्टर ह्यूगोच्या १८६९ मधील कादंबरीवर बेतलेला होता. ह्यूगोच्या नायकाचा चेहरा बालपणीच मुद्दाम विद्रूप केलेला असतो. तो हसत नसतो, जगाला तो हसल्यासारखा दिसतो एवढेच. म्हणजे मूळ कल्पनेत ते हास्य हा अन्यायाचा व्रण होता. कॉमिक्सने व्रण विसरून हास्य तेवढे उचलले. पुढे १९८८ मध्ये अॅलन मूर आणि ब्रायन बोलंड यांच्या 'द किलिंग जोक'ने या खलनायकाला अयशस्वी विनोदवीराचा भूतकाळ देऊ केला. पण २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये हीथ लेजरने साकारलेला जोकर आपल्या जखमांच्या दोन वेगवेगळ्या कहाण्या सांगतो आणि दोन्हींवरचा विश्वास उडवून टाकतो. त्याला भूतकाळच नाही. तो भूकंपासारखा येतो आणि त्याचे कारण विचारण्याची सोय ठेवत नाही. लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळवून देणारा तो आविष्कार प्रभावी होता, पण माणूस म्हणून तो कोण, हा प्रश्न त्याने बाजूला सारला होता.

फिलिप्स आणि सहलेखक स्कॉट सिल्व्हर यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. त्यांचा आर्थर फ्लेक हा १९८१ च्या सुमाराच्या गॉथम शहरात भाड्याने विदूषक पुरविणाऱ्या एका कंपनीत काम करणारा माणूस. आजारी आईची सेवा करणारा, रात्री तिच्याशेजारी बसून दूरचित्रवाणीवरील गप्पांचा कार्यक्रम पाहणारा, विनोदवीर होण्याची स्वप्ने रंगविणारा. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्याला अवेळी, अनावर हसू फुटते. लोकांनी गैरसमज करून घेऊ नये म्हणून तो खिशात एक छापील कार्ड बाळगतो. बसमध्ये एका लहान मुलाला हसवू पाहणाऱ्या आर्थरला त्याची आई झिडकारते आणि त्याला हुंदक्यासारखे हसू कोसळते, हा प्रारंभीचा प्रसंग फिनिक्सने ज्या ताकदीने उभा केला आहे, त्याला तोड नाही. भूमिकेसाठी त्याने सुमारे चोवीस किलो वजन उतरविले, हा तपशील गाजला. पण त्याहून महत्त्वाचे आहे ते त्याच्या हास्याचे व्याकरण. ते हसू त्याच्या घशात अडकते, त्याला गुदमरवते आणि संपता संपता वेदनेवर येऊन थांबते. रेल्वेतील हत्यांनंतर सार्वजनिक प्रसाधनगृहात तो एकटाच संथपणे नाचू लागतो, तेव्हा गुद्नादोत्तिरच्या चेलोचे खर्जातले स्वर या माणसाच्या देहात काहीतरी नवे जागे झाल्याचे शब्दांविना सांगून जातात. चित्रीकरणापूर्वीच तयार झालेले हे संगीत ऐकत फिनिक्सने तो नाच उत्स्फूर्तपणे रचला होता.

चित्रपटाची दुसरी जमेची बाजू म्हणजे त्यातील शहर. हे गॉथम नावापुरते काल्पनिक आहे. सफाई कामगारांचा संप, रस्त्यावर साचलेले कचऱ्याचे ढीग, रंगाने बरबटलेले रेल्वेचे डबे, बंद पडणारी सरकारी कार्यालये या सगळ्यांत १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्या न्यूयॉर्कची खूण पटते. आर्थरला समुपदेशन आणि औषधे पुरविणारे केंद्र निधीअभावी बंद होते आणि तेथील कर्मचारी महिला त्याला स्पष्टच सांगते की, वरच्यांना ना त्याची पर्वा आहे, ना तिची. हा प्रसंग लेखकांनी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ मध्ये साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. त्या कोंडवाड्यांतून त्यांना बाहेर काढून वस्तीपातळीवरील केंद्रांत उपचार द्यावेत, या उदात्त हेतूने केनेडी यांनी १९६३ मध्ये कायदा केला. रुग्णालये रिकामी होत गेली, १९८० पर्यंत रुग्णसंख्या दीड लाखाच्या खाली आली; परंतु त्यांच्या जागी उभी राहायची होती ती केंद्रे मात्र पुरेशा संख्येने कधीच उभी राहिली नाहीत. कार्टर यांनी १९८० मध्ये या केंद्रांना बळ देणारा नवा कायदा आणला आणि रेगन सरकारने १९८१ मध्ये त्यातील बहुतेक तरतुदी रद्द करून जबाबदारी राज्यांवर टाकली. चित्रपटाचा काळ नेमका तोच आहे. घराबाहेर काढले, पण दुसरे घर दिले नाही, अशा हजारो रुग्णांची वाट पुढे पदपथावर आणि तुरुंगात संपली. आर्थरच्या कहाणीमागचे हे वास्तव अस्सल आहे आणि त्याकडे कोट्यवधी प्रेक्षकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय या चित्रपटाला दिलेच पाहिजे.

मात्र येथूनच आक्षेपांनाही सुरुवात होते. आर्थरला नेमके काय झाले आहे, हे चित्रपट सांगत नाही. अनावर हसण्याचा विकार हा मेंदूच्या इजेतून उद्भवणारा मज्जाविकार आहे. भासांमध्ये जगणे ही निराळी अवस्था, नैराश्य आणखी निराळे. चित्रपट हे सारे एकाच पात्रात ओततो आणि औषधे बंद झाल्यावर माणूस मारेकरी होतो, अशी सरळ रेषा ओढतो. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात, उलट इतरांच्या हिंसेला बळी पडण्याचा धोका त्यांना अधिक असतो, ही गोष्ट मनोविकारतज्ज्ञ वर्षानुवर्षे कंठशोष करून सांगत आले आहेत. ती एका लोकप्रिय चित्रपटाने दोन तासांत पुसून टाकावी, हे दुर्दैव होय. त्याचे परिणाम अमेरिकेपुरते राहत नाहीत. 'ठाणे' आणि 'येरवडा' ही दोन ठिकाणे ज्या मराठी भाषेत टिंगलीचे शब्द होऊन बसली, आणि त्या टिंगलीच्या भयाने कित्येक कुटुंबे रुग्णाला डॉक्टरपर्यंत नेण्यास कचरतात, त्या समाजात या समीकरणाची आणखी एक आवृत्ती पोहोचणे हे निरुपद्रवी नाही. आर्थरविषयी करुणा निर्माण करणारा चित्रपट आर्थरसारख्या इतरांविषयीची भीती मात्र वाढवितो, ही त्यातील मोठी विसंगती आहे.

दुसरा आक्षेप राजकारणाच्या संदर्भातला आहे. आर्थर धावत्या रेल्वेत तिघा मस्तवाल श्रीमंत तरुणांवर गोळ्या झाडतो आणि शहरातील वंचितांचा नायक होतो. या प्रसंगामागे न्यूयॉर्कची एक सत्य घटना उभी आहे. डिसेंबर १९८४ मध्ये बर्नहार्ड गोएट्झ या गोऱ्या इसमाने भुयारी रेल्वेत चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या. ते चौघे जगले, त्यांतील एक कायमचा अपंग झाला. गोएट्झला अनेकांनी डोक्यावर घेतले आणि १९८७ मध्ये ज्युरीने त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून मुक्त करून केवळ बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरविले. त्या प्रकरणाचा गाभा वर्णद्वेष आणि भीती हा होता. चित्रपटाने मारणारा कायम ठेवला आणि मरणारे बदलले. गरीब कृष्णवर्णीयांच्या जागी श्रीमंत गोरे आले आणि प्रेक्षकाच्या सदसद्विवेकबुद्धीवरचा ताण एका फटक्यात हलका झाला. इतकेच काय, आर्थरला नकार देणारे चेहरे, समुपदेशन केंद्रातील महिला, बसमधील आई, मनोरुग्णालयातील कारकून, हे बहुतांशी कृष्णवर्णीय आणि तेही व्यवस्थेच्या तळाशी राबणारे आहेत. निधी कापणारा हात मात्र पडद्यावर कधी येतच नाही. थॉमस वेन हा धनाढ्य उमेदवार गरिबांची अवहेलना करतो खरा, पण त्याच्या संपत्तीचा आणि बंद पडलेल्या केंद्राचा संबंध काय, हे पाहण्याचे कष्ट पटकथा घेत नाही.

समाज आपला राक्षस कसा घडवितो, हे दाखविण्याची दुसरी रीत मराठी प्रेक्षकाला अपरिचित नाही. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) परगावाहून आलेल्या घाशीरामाची पुण्यात विटंबना होते, त्याच्यावर चोरीचा आळ येतो आणि सूडाने पेटलेला तो माणूस पुढे त्याच शहराचा कर्दनकाळ होतो. अपमानातून क्रौर्याकडे जाणारा प्रवास आर्थरसारखाच आहे. पण तेंडुलकर तेथे थांबत नाहीत. त्याला कोतवाली कोणी दिली, कोणत्या मोबदल्यात दिली आणि काम संपल्यावर त्याला जमावापुढे कोणी टाकले, हे नाटक बोट ठेवून सांगते. घाशीरामाची कीव येते, तरी त्याने जाळलेल्या हातांचा विसर पडत नाही आणि नाना नामानिराळा राहतो तो प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत. 'जोकर'मध्ये नेमका हा नाना गायब आहे. त्यामुळे अपमानाची बेरीज होते, पण हिशेब पुरा होत नाही.

मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'टॅक्सी ड्रायव्हर' (१९७६) आणि 'द किंग ऑफ कॉमेडी' (१९८२) या चित्रपटांचे ऋणही येथे पावलोपावली जाणवते. त्या दोन्ही चित्रपटांत एकलकोंड्या नायकाची भूमिका करणारा रॉबर्ट डी निरो येथे आर्थरची थट्टा करणारा कार्यक्रम-सूत्रधार मरे फ्रँकलिन झाला आहे. उसनवारीला हरकत नाही. फरक आहे तो अंतराचा. स्कॉर्सेसीचा कॅमेरा नायकाच्या डोक्यात शिरतो तसाच बाहेरही येतो, त्याचा हास्यास्पदपणा आणि धोका दोन्ही दाखवितो. फिलिप्सचा कॅमेरा उत्तरार्धात आर्थरच्या प्रेमात पडतो. पायऱ्यांवरचा तो प्रसिद्ध नाच पाहताना प्रेक्षकाला मुक्तीचा अनुभव येतो. नुकताच एका सहकाऱ्याचा निर्घृण खून करून आणि त्याआधी आईचा जीव घेऊन हा माणूस निघाला आहे, हे त्या क्षणी कोणाला आठवते? ब्राँक्समधील त्या पायऱ्यांवर पुढे छायाचित्रे काढणाऱ्या पर्यटकांची झुंबड उडाली, यातच सारे आले.

याचा अर्थ चित्रपटापूर्वी उठलेला गदारोळ रास्त होता असे नाही. जुलै २०१२ मध्ये कोलोरॅडोतील ऑरोरा येथे 'द डार्क नाइट रायझेस'च्या खेळाच्या वेळी एका माथेफिरूने बारा जणांचा बळी घेतला, सत्तर जण जखमी झाले. तो स्वतःला जोकर म्हणवीत होता, ही वदंता त्यानंतर पसरली, पण तिला कधी दुजोरा मिळाला नाही. तेथील मृतांच्या काही नातलगांनी २०१९ मध्ये निर्मात्या वॉर्नर ब्रदर्सला पत्र लिहिले, तेव्हा बंदीची मागणी केली नव्हती. शस्त्रनियंत्रणाला विरोध करणाऱ्या राजकारण्यांना देणग्या देऊ नका, असे त्यांचे म्हणणे होते. ही संयत मागणी बाजूला पडली आणि चर्चा झाली ती चित्रपट पाहून कोण बंदूक उचलेल याची. त्याला बंदूक मिळते कुठून, हा खरा प्रश्न. चित्रपटात ती सहकाऱ्याने कागदी पिशवीतून सहज आणून दिलेली असते. भाकीत केलेला रक्तपात चित्रपटगृहांत झाला नाही. उलट बैरूत, हाँगकाँग आणि सान्तियागो येथे त्याच वर्षी रस्त्यावर उतरलेल्या आंदोलकांपैकी काहींनी चेहऱ्यावर जोकरचा रंग फासला. महागाई, भ्रष्टाचार आणि दडपशाहीविरुद्धचा त्यांचा रोष खरा होता. पण ज्याला कोणतेही राजकारण नाही, असे आर्थर स्वतःच सांगतो, त्याचा मुखवटा निषेधाचे चिन्ह ठरावा, यातून चित्रपटाची ताकद आणि त्याची पोकळी दोन्ही दिसतात. त्या रिकाम्या मुखवट्यात ज्याने त्याने आपापला राग भरला.

ही टीका फिलिप्स यांना बोचली असावी, असे दुसरा भाग पाहताना वाटते. 'जोकर : फोली आ द'मध्ये आर्थर तुरुंगात आणि न्यायालयात आहे. त्याच्यावर भाळलेली ली (लेडी गागा) प्रेम करते ते जोकरवर, आर्थरवर नव्हे. बाहेरची गर्दीही तेच करते. अखेर ज्युरीपुढे आर्थर मान्य करतो की, जोकर असा कोणी नाहीच, जे केले ते आपण केले. त्याबरोबर लीही त्याला सोडून जाते आणि पुढे एका कैद्याच्या हातून तो मरतो. पहिल्या भागाने बांधलेले देऊळ दुसऱ्या भागाने पाडले. प्रेक्षकांना ते रुचले नाही. १९ ते २० कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाची जगभरातील कमाई २१ कोटींच्याही आतच राहिली. अर्थात अपयशाचा सगळा दोष प्रेक्षकांच्या माथी मारता येणार नाही. जुन्या गाण्यांची रेलचेल कथेला पुढे नेत नाही, लीचे पात्र अर्धेकच्चे राहते आणि न्यायालयातील प्रसंग पहिल्या भागाची उजळणी करण्यातच बराच वेळ खातात.

तरीही त्या फसलेल्या चित्रपटात एक प्रसंग असा आहे की, तो पहिल्या भागात असता तर कदाचित हा सारा वादच उद्भवला नसता. पहिल्या भागात आर्थर आपल्या घरी आलेल्या रँडलला ठार मारतो, तेव्हा गॅरी हा त्यांचा ठेंगणा सहकारी ते पाहत असतो. तू एकटाच माझ्याशी चांगला वागलास, असे म्हणून आर्थर त्याला जाऊ देतो. पण दाराच्या कडीपर्यंत गॅरीचा हात पोहोचत नाही आणि खुन्यालाच दार उघडून द्यावे लागते. चित्रपटगृहात त्या क्षणी हशा पिकत असे. दुसऱ्या भागात तोच गॅरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतो आणि विदूषकाचा रंग लावलेला आर्थर स्वतःच त्याची उलटतपासणी घेतो. आपली थट्टा न करणारा आर्थर हा एकमेव माणूस होता, हे गॅरी सांगतो. आणि त्या दिवसानंतर आपले जगणे भीतीने कसे पोखरले गेले, हेही सांगतो. आर्थरइतकाच उपेक्षित, आर्थरइतकाच हिणवला गेलेला, आणि तरीही कोणाचा गळा न कापलेला माणूस तेथे बोलतो आहे. आर्थरच्या दुःखातून त्याची हिंसा अपरिहार्यपणे आली, या पहिल्या भागातील गृहीतकाला दिलेले ते सर्वांत नेमके उत्तर आहे.

'जोकर' पाहावा की नाही, असा प्रश्न म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही. फिनिक्सच्या अभिनयासाठी, त्या काळवंडलेल्या शहरासाठी आणि बंद होणाऱ्या त्या एका केंद्रासाठी तो पाहायलाच हवा. व्यवस्थेने टाकून दिलेल्या माणसाची कैफियत त्याने मन लावून ऐकविली. पण कैफियत एकाचीच ऐकून निवाडा होत नसतो. मारल्या गेलेल्यांची, आणि गॅरीसारख्या मागे उरलेल्यांची साक्ष नोंदविण्यास पाच वर्षे लागली, आणि ती नोंदविली गेली तेव्हा ऐकायला सभागृहात फारसे कोणी उरले नव्हते.